अल्जीरिया आणि समाजवाद्यांचे पाप

५ जुलै १९६२ रोजी अल्जीरिया स्वतंत्र झाला. एकशे बत्तीस वर्षांची फ्रेंच सत्ता संपवणारे युद्ध साडेसात वर्षे चालले होते. या रक्तपाताचा जाब आपण फ्रेंच सेनापती, बडे जमीनदार आणि उजवे राष्ट्रवादी यांना विचारतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या आरोपींच्या रांगेत एक समाजवादी पंतप्रधानही उभा आहे, हे सांगताना आपली जीभ अडखळते.

१९४७च्या कायद्याने अल्जीरियाला १२० सभासदांची विधानसभा मिळाली. तीत सुमारे दहा लाख युरोपीयांच्या मतदारसंघाला ६० जागा आणि त्यांच्या कितीतरी पट असलेल्या मुसलमान जनतेलाही ६०च. ही तुटपुंजी सवलतसुद्धा १९४८च्या निवडणुकीत राजरोस लबाडी करून निष्फळ ठरवण्यात आली. त्या वेळचे गव्हर्नर जनरल नेजेलेन हे समाजवादी पक्षाचेच होते. सनदशीर मार्ग असा बुजवल्यानंतर १ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने शस्त्र उचलले, यात नवल ते कोणते?

जानेवारी १९५६ची निवडणूक गी मोले यांच्या आघाडीने शांततेचे आश्वासन देऊन लढवली. पंतप्रधान झाल्यावर ६ फेब्रुवारीला ते अल्जिअर्सला गेले. तेथील युरोपीय जमावाने त्यांच्यावर टोमॅटो फेकले आणि धोरण फिरले. समाजवादी लाकोस्त यांची तेथे नेमणूक झाली. मार्चमध्ये संसदेने सरकारला विशेषाधिकार दिले; कम्युनिस्टांनीही बाजूने मते टाकली. सक्तीने भरती केलेल्या तरुणांनी सैन्य वाढत गेले, ते चार लाखांच्या घरात पोहोचले. जानेवारी १९५७मध्ये अल्जिअर्स शहराचे पोलिसी अधिकार जनरल मास्यू यांच्या हाती गेले आणि यातना देणे हा नित्याचा कारभार झाला. लार्बी बेन म्हीदी आणि वकील अली बुमेंजेल यांनी आत्महत्या केली, असे तेव्हा जाहीर झाले. लष्कराने त्यांची हत्या केली, ही कबुली फ्रेंच राष्ट्राध्यक्षांनी बुमेंजेल यांच्याबाबत २०२१मध्ये आणि बेन म्हीदी यांच्याबाबत २०२४मध्ये दिली.

मोले हे कोणी दुष्ट गृहस्थ नव्हते. ते शिक्षक होते, नाझींविरुद्धच्या प्रतिकारात होते. शाळा, मजुरी आणि समान हक्क फ्रान्सच देईल, राष्ट्रवाद मात्र प्रतिगामी आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. शिवाय तेथील सगळे युरोपीय काही जमीनदार नव्हते. टपालवाले, रेल्वे कामगार, शिक्षक असे डाव्या पक्षांचे मतदारही त्यांत होते. दुसऱ्याचे भले आपण ठरवू म्हणणारा समाजवाद पालकत्वाच्या वाटेने साम्राज्यशाहीच्या दारी जातो, तो असा.

विरोध झालाच नाही असे नाही. मंत्रिमंडळातले रॅडिकल नेते मेंदेस-फ्रान्स मे १९५६मध्ये बाहेर पडले. ऑक्टोबरमध्ये बेन बेला आणि त्यांचे सहकारी ज्या विमानात होते ते फ्रेंच लष्कराने वळवून त्यांना पकडले, तेव्हा समाजवादी आलँ साव्हारी यांनी राजीनामा दिला. पण बहुसंख्यांनी पक्षशिस्तीच्या नावाखाली मौन पाळले. त्याचे फळ लवकरच मिळाले. मे १९५८मध्ये अल्जिअर्समधील बंडापुढे चौथे प्रजासत्ताक कोसळले आणि द गॉल सत्तेवर आले. समाजवाद्यांनी नाकारलेले स्वातंत्र्य मार्च १९६२मध्ये एव्हियाँ येथे मान्य करावे लागले ते त्यांनाच. १९६९च्या अध्यक्षीय निवडणुकीत समाजवादी उमेदवाराला मिळाली जेमतेम पाच टक्के मते.

स्वतंत्र अल्जीरियात पुढे काय झाले, असे कोणी विचारील. १९६५मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, १९९०च्या दशकात यादवीने देश होरपळला, हे खरेच आहे. पण स्वातंत्र्य हे सद्वर्तनाचे बक्षीस नव्हे. चुकण्याचा आणि चूक सुधारण्याचा अधिकार त्यातच येतो. २०१९मध्ये लाखो अल्जीरियन शांतपणे रस्त्यावर उतरले आणि बुतेफ्लिका यांना पायउतार व्हावे लागले. तो हाच अधिकार होता.

कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवायचे ते इतकेच. पक्षाच्या नावात समाजवाद असल्याने कृती समाजवादी होत नाही. सरकार आपले असताना पीडितांच्या बाजूने उभे राहणे, हीच निष्ठेची खरी कसोटी. त्या कसोटीला १९५६ साली फार थोडे उतरले. त्या थोड्यांमुळेच फ्रान्समध्ये समाजवाद या शब्दाची लाज राहिली.