काळी पृथ्वी आणि कार्डांचा खर्च

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनाला आठ दिवस उरले असताना नववीच्या तीन विद्यार्थ्यांची सूर्यमाला अडून बसली. संगणकाच्या पडद्यावर सूर्य पिवळाधमक, मंगळ तांबूस, बाकीचे ग्रह आपापल्या रंगात. पृथ्वी मात्र कोळशाच्या गोळ्यासारखी काळी. गंमत अशी की बाकी ग्रहांना नुसते रंग दिले होते आणि पृथ्वीवर मुलांनी हौसेने समुद्र-खंडांचे चित्र चढवले होते. त्यातून सगळी सूर्यमाला रखडत रखडत फिरत होती.

संगणक कक्षाची देखभाल करणाऱ्या दुकानदारांनी पाच मिनिटे पाहिले आणि निदान केले, "ग्राफिक कार्ड पुराना है सर, बदलवा लो." दुसऱ्या दिवशी चौदा यंत्रांच्या नव्या कार्डांचे अंदाजपत्रक कार्यालयात पोहोचले. रक्कम शाळेच्या ग्रंथालयाच्या वर्षभराच्या तरतुदीहून अधिक होती. त्यावर आम्ही, म्हणजे संगणक कक्षाच्या शिक्षकांनी, शिफारशीची सही केली, हे आधीच कबूल करतो. विषय विश्वस्त मंडळाच्या विषयपत्रिकेवरही गेला.

मग त्या तिघांपैकी एक मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या लॉगिनवर हीच सूर्यमाला भराभर फिरते. पृथ्वी तिथेही काळीच आहे." यंत्र तेच, कार्ड तेच. मग शिक्षकांसाठी चांगले आणि विद्यार्थ्यांसाठी खराब असे कार्ड कुठले? आम्हांला हे सुचायला हवे होते. सुचले नाही.

पुढे जे झाले ते थोडे तपशिलाने सांगणे भाग आहे, कारण आमचे म्हणणे त्यातच आहे.

आपल्या कक्षातील यंत्रे लिनक्सवर चालतात. पडद्यावर त्रिमितीय चित्र काढायचे तर प्रोग्रॅम ओपनजीएल या ठरावीक पद्धतीने आज्ञा देतो. सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीने ही पद्धत १९९२ साली पुढे आणली. या आज्ञा समजून त्या कार्डाकडून पार पाडून घेणारी जी लायब्ररी लिनक्सवर असते (पुस्तकांची नव्हे, तयार प्रोग्रॅमांची), तिचे नाव मेसा. ब्रायन पॉल या प्रोग्रॅमरने १९९३ साली फावल्या वेळात ती लिहायला घेतली आणि १९९५ साली सर्वांना खुली केली. आज जगभरातील लोक तिच्यात भर घालतात, आणि ती वापरायला एक पैसाही पडत नाही.

ओपनजीएलचा स्वभाव अबोल आहे. चुकीची आज्ञा दिली तर ती बहुतेक वेळा मुकाट्याने सोडून देते आणि चुकीची एक खूण स्वतःपाशी ठेवते. प्रोग्रॅमने होऊन विचारले तरच ती खूण दाखवते. वेग राखायचा म्हणून हे असे आहे. प्रत्येक आज्ञेनंतर थांबून खुलासा करत बसले तर चित्र हलायचे कधी? पण नवशिक्याच्या वाट्याला येतो तो नुसता काळा पडदा.

मेसामध्ये यावर उपाय ठेवलेला आहे. टर्मिनलमध्ये प्रोग्रॅमच्या नावाआधी एक छोटी सेटिंग लिहायची की ती बोलू लागते. या सेटिंगांची नावे इंग्रजी मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये खालची रेघ देऊन लिहितात. 'मेसा डीबग' दिली की कुठली आज्ञा चुकली आणि शक्य असेल तर का चुकली, ते छापून येते. 'लिबजीएल डीबग' ला 'व्हर्बोज' अशी किंमत दिली की कोणता ड्रायव्हर शोधला, कोणता उघडला, कुठे अडले ते कळते. आणि 'लिबजीएल ऑलवेज सॉफ्टवेअर' ला एक दिला की कार्ड बाजूला राहते, सगळे चित्र मुख्य प्रोसेसरच काढतो. काम सावकाश होते, पण चित्र निघते.

मुलांनी सुरुवात या शेवटच्या सेटिंगपासून केली, आणि तेच शहाणपणाचे होते. शिक्षकांच्या लॉगिनवर कार्ड बाजूला ठेवून सूर्यमाला चालवली. पृथ्वी काळीच राहिली. कार्डाचा वापरच नसताना दोष तसाच राहतो, तर तो कार्डाच्या माथी कसा मारणार? दोष बहुधा आपल्याच प्रोग्रॅममध्ये. मग 'मेसा डीबग' ला 'इनकम्प्लीट टेक्स' ही किंमत दिली. पृथ्वीवर चढवलेले चित्र, म्हणजे टेक्स्चर, अपूर्ण असल्याचे उत्तर आले.

अपूर्ण कसे? चित्र तर अख्खे दिले होते. बात अशी की ओपनजीएल सुरुवातीला असे धरून चालते की चित्रासोबत त्याच्या लहान लहान प्रतीही मिळतील, प्रत्येक प्रत आधीच्या निम्मी, शेवटी एका बिंदूएवढी. दूरची वस्तू काढताना त्या कामी येतात. यांना मिपमॅप म्हणतात. मुलांचे चित्र १०२४ बिंदू रुंद होते. मूळ धरून अकरा प्रती हव्या होत्या, दिली होती एक. असे अपूर्ण टेक्स्चर शेडरमधून वाचले की हाती काळा रंग येतो, आणि नियमांच्या हिशेबात ही चूकही धरली जात नाही. म्हणून खूण तपासली असती तरी तिथे काही सापडले नसते. एका ओळीची भर घातली, राहिलेल्या प्रती लायब्ररीने आपल्या आपण तयार केल्या आणि पृथ्वी निळी झाली. त्या दिवशी कक्षात झालेला आरडाओरडा शेजारच्या वर्गापर्यंत गेला. त्याबद्दल क्षमा मागून झाली आहे.

राहिले रखडणे. विद्यार्थ्यांच्या लॉगिनवर 'लिबजीएल डीबग' ने स्वच्छ सांगितले की ग्राफिक्सचे उपकरण उघडायला परवानगी नाही. मग मेसा बिचारी काय करणार? प्रोसेसरकडून सगळे काढून घेत होती. ही परवानगी कोणी काढली? आम्हीच. मुलांनी काही बिघडवू नये म्हणून आम्ही त्यांची खाती आवळली होती, त्या भरात हीही गेली. दोन आज्ञांत ती परत दिली. कार्डांचे अंदाजपत्रक आम्ही लेखी मागे घेतले.

दुकानदारांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांचा धंदा वस्तू विकण्याचा आहे. प्रश्न आमच्या शिकवण्याचा आहे. आपल्याकडे संगणकाचे प्रात्यक्षिक म्हणजे पुस्तकातला प्रोग्रॅम उतरवणे, तो चालवणे, छापील पान वहीत डकवणे. चालला तर दहापैकी दहा. नाही चालला तर यंत्र बंद करून चालू करणे, शेजारच्याचा उतरवून घेणे, किंवा (हे पालकांना उद्देशून) बाहेरून करून आणणे. यंत्राला "काय झाले?" असे विचारायचे असते, हे आम्ही कधी शिकवलेच नाही. त्या तिघांची वही आम्ही पाहिली. आठ दिवसांत काय काय करून पाहिले, कुठला संदेश आला, त्यावरून काय ठरवले, सारे ओळीने लिहिलेले. मूल्यमापनाच्या तक्त्यात त्या वहीसाठी एकही गुण नव्हता.

म्हणून आमची मागणी आहे की आठवीपासून पुढे संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण दोष शोधण्याच्या नोंदीला द्यावेत. प्रोग्रॅम शेवटी चालला नाही तरीही द्यावेत. आणि यंत्राचा भाग बदलण्याची कोणतीही मागणी अशा नोंदीशिवाय विश्वस्त मंडळाने स्वीकारू नये, आमच्या सहीची असली तरी.

काही शंका कानावर आल्या आहेत. मुले सेटिंग बदलून यंत्रे बिघडवतील, ही पहिली. या सेटिंगा प्रोग्रॅमच्या नावाआधी लिहिल्या की त्या तेवढ्या एका वेळेपुरत्या लागू होतात. पुढच्या वेळी सगळे पूर्ववत. मेसाच्या दृष्टीने तरी काही कायमचे बदलत नाही.

दुसरी शंका अधिक खरी आहे: मुले उपाय न समजता वापरतील. तसे घडलेही. एका विद्यार्थ्याने कुठून तरी 'मेसा जीएल व्हर्जन ओव्हरराइड' शोधून काढली. ही सेटिंग मेसाला आपली आवृत्ती खरीहून वेगळी सांगायला लावते. प्रोग्रॅमची तक्रार बंद झाली, आणि थोड्या वेळाने तो मधेच कोसळला. आवृत्तीचा आकडा वाढवला म्हणून अंगी नसलेली कामे येत नाहीत. दाखल्यावर वय वाढवले म्हणून मिसरूड फुटत नाही. 'मेसा नो एरर' तर चुकांची तपासणीच बंद करते. तिचा उपयोग वेग वाढवायला आहे, तोही प्रोग्रॅम निर्दोष असल्याची खात्री असेल तरच. कोणती सेटिंग सांगते आणि कोणती गप्प करते, हा फरक वर्गात शिकवावाच लागेल. तो न शिकवता मुलांच्या हाती हे देऊ नये, हे आम्हांस मान्य आहे.

जाता जाता एक गमतीची सेटिंगही सांगून ठेवतो. जुने काही खेळ ओपनजीएलच्या जादा सोयींची यादी एका ठरावीक लांबीच्या जागेत उतरवून घेत. वर्षे गेली, यादी वाढली, जागा पुरेना, खेळ कोसळू लागले. मेसाने तोड काढली: अमुक वर्षापर्यंतच्याच सोयी सांग, असे तिला बजावता येते. २००१ सांगितले की त्यानंतर आलेल्या सोयींचे ती नावच काढत नाही आणि खेळ सुखाने चालतो. आमच्या मुलांना सगळ्यांत जास्त आवडली ती हीच.

तिसरी अडचण भाषेची. हे सारे संदेश इंग्रजीत येतात. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि संदेश इंग्रजी असला की आपली मुले तो न वाचताच खिडकी बंद करतात. त्या तिघांनी यावर आपणहून एक तक्ता केला आहे: नेहमी येणारे नऊ संदेश, शेजारी मराठी अर्थ आणि पुढे काय करून पाहावे ते. मराठी शिक्षकांनी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून दिले. तक्ता संगणक कक्षाच्या दाराशी लावला आहे. दहाव्या संदेशासाठी खाली जागा मोकळी आहे.

गुणांच्या विभागणीचा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडत आहोत. पालकांनी आपले मत, विरोधी असल्यास कारणासह, त्याआधी लेखी स्वरूपात संगणक कक्षात द्यावे. सूर्यमाला पाहायची असल्यास शनिवारी शाळा सुटल्यावर यावे. पृथ्वी निळी आहे, चंद्राचे काम अजून चालू आहे.