मुखपृष्ठामागचा रविवार

मराठी समीक्षेने सर्जनशीलतेची जी कल्पना रूढ केली आहे तिच्यात रोजच्या कामाला जागा नाही. लेखक लिहितो ती ‘निर्मिती’. त्याच लेखकाच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ करणारा, शीर्षकाची अक्षरे काढणारा, आतल्या पानांची मांडणी ठरवणारा माणूस जे करतो ते ‘काम’. हा भेद कोणी सिद्धान्त म्हणून मांडलेला नाही, पण आपल्या अभ्यासक्रमांत, प्रबंधांत आणि ग्रंथसूचींत तो पक्का मुरलेला आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या एखाद्या कादंबरीवर शोधनिबंध लिहिणारा विद्यार्थी तिच्या आवृत्त्या मोजतो, प्रस्तावना तपासतो, तत्कालीन परीक्षणे धुंडाळतो. परंतु ती कादंबरी वाचकाच्या हाती प्रथम कोणत्या रूपात पडली, ते रूप कोणी दिले, हा प्रश्न त्याला पडत नाही. पडला तरी मार्गदर्शकाला तो साहित्यबाह्य वाटण्याचीच शक्यता अधिक.

ज्याला आज आपण सरसकट ‘डिझायनर’ म्हणतो, आणि पूर्वी सजावटकार किंवा उपयोजित कलावंत म्हणत होतो, त्याचा दिनक्रम या भेदाला जुमानत नाही. सकाळी साबणाचे वेष्टण, दुपारी बँकेची जाहिरात, संध्याकाळी एखाद्या कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ. शनिवारी भाचीच्या लग्नाची पत्रिका आणि रविवारी गल्लीतल्या गणेश मंडळाच्या अहवालाचे पहिले पान. हे सारे एकाच हाताने, एकाच नजरेने होते. यातले साहित्याचे कोणते आणि बाजाराचे कोणते, ही वाटणी नंतर आपण करतो. त्या वाटणीत साहित्याचेच नुकसान होते, असे आमचे म्हणणे आहे.

अरुण कोलटकरांचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे आणि म्हणूनच ते तपासून पाहण्यासारखे आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले कोलटकर आयुष्याचा मोठा काळ मुंबईच्या जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक होते, आणि त्या क्षेत्रात त्यांचा दबदबा होता. आपल्याकडची त्यांच्यावरची समीक्षा ही माहिती चरित्राच्या परिच्छेदात नोंदवते आणि पुढे जाते. जणू जाहिरात ही पोटाची सोय होती आणि कविता हे खरे जगणे. पण ‘जेजुरी’च्या (१९७६) शेवटाकडे देऊळ आणि रेल्वे स्टेशन यांच्या मध्ये जोंधळ्याच्या शेतात उड्या मारणारे कोंबडे-कोंबड्या आहेत, ते पान आठवावे. तिथे शब्द ओळीत राहत नाहीत; ते पानभर वरखाली उडतात. त्या पानाचा अर्थ केवळ मोठ्याने वाचून लागत नाही, ते पाहावे लागते. कोऱ्या जागेचा असा उपयोग करणे हे मांडणीकाराचे रोजचे कसब आहे. ज्या समीक्षेकडे मांडणी वाचण्याची परिभाषाच नाही, तिला ही कविता ‘प्रयोगशील’ या एका शब्दावर भागवावी लागते.

कोलटकरांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काळा घोडा पोएम्स’ या संग्रहाबद्दलही असेच म्हणता येईल. मुंबईतला तो चौक आणि तिथे आता नसलेले ‘वेसाइड इन’ हे उपाहारगृह. खिडकीशी बसून वर्षानुवर्षे एकच तिठा पाहायचा: ट्रॅफिकच्या बेटावर पसरलेले कुत्रे, झाडूवाली, पदपथावर जगणाऱ्यांच्या न्याहारीला येणाऱ्या इडल्या. विषय शोधायला दूर जायचे नाही. समोरच्या कोपऱ्यातले रोजचे जगणे तपशिलासकट टिपायचे. आपण याला कवीची नजर म्हणतो. ती आहेच. पण क्षुल्लक वस्तूंपुढे थांबून त्यांचा आकार, पोत, जागा न्याहाळणे ही रेखाटनाची वही बाळगणाऱ्या प्रत्येकाची सवय असते. आजही मुंबई-पुण्यात शनिवार-रविवारी सकाळी जुन्या वाड्यांपुढे, बाजारांत, बसथांब्यांवर वह्या उघडून बसलेले तरुण दिसतात. त्यांतील बहुतेक जण आठवडाभर संगणकावर दुसऱ्यांची कामे करत असतात. स्वतःच्या गावाचे सर्वांत चिकाटीचे वाचन कदाचित हीच मंडळी करत असावीत.

दुसरे उदाहरण वसंत सरवटे यांचे (१९२७–२०१६). सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंता. एसीसी या सिमेंट कंपनीत त्यांनी नोकरी केली आणि ती करता करता व्यंगचित्रे, कथाचित्रे, मुखपृष्ठे यांचे प्रचंड काम उभे केले. १९६४ साली सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकाच्या दिवाळी अंकांची त्यांची मुखपृष्ठे म्हणजे मराठी वाङ्मयव्यवहारावरचे वार्षिक भाष्यच होते: लेखक, प्रकाशक, वाचक आणि समीक्षक यांच्या परस्परसंबंधांवरचे. जयवंत दळवींनी ‘ठणठणपाळ’ लिहिला. पण ठणठणपाळ म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे जी आकृती उभी राहते ती सरवट्यांची. एका वाङ्मयीन व्यक्तिरेखेचे अर्धे अस्तित्व रेषेत आहे, हे मान्य केले तर त्या रेषेला समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण उरत नाही. आणि हे सारे काम, लक्षात घ्यावे, कचेरीच्या वेळेबाहेरचे होते.

तिसरे नाव कमल शेडगे यांचे (१९३५–२०२०). महाराष्ट्रातल्या शहरी मध्यमवर्गाच्या शनिवार-रविवारला अनेक दशके एक ठरलेला आकार होता. सकाळी वर्तमानपत्रातले नाटकांच्या जाहिरातींचे पान उघडायचे, शिवाजी मंदिर किंवा गडकरी रंगायतनचा प्रयोग निवडायचा आणि तिकीटखिडकी गाठायची. त्या पानावर नाटकाची प्रत्यक्ष ओळख करून देत असत ती शीर्षकाची अक्षरे. ‘हमिदाबाईची कोठी’, ‘पुरुष’, ‘रणांगण’ अशा अनेक नाटकांची नावे शेडगे यांनी रेखाटली. नाटक गंभीर की हलकेफुलके, ऐतिहासिक की घरगुती, याचा अंदाज वाचक संहितेचे एक वाक्यही न ऐकता करू शके, तो त्या अक्षरांच्या वळणावरून. शिरोरेषा अखंड ठेवायची की तोडायची, वेलांटी किती फिरवायची, काना जड करायचा की बारीक, हे निर्णय सजावटीचे नव्हेत. ते नाटकाच्या अर्थनिर्णयनाचे आहेत. शीर्षकाचे अक्षरांकन ही नाटकाची पहिली, आणि सर्वाधिक लोकांनी वाचलेली, समीक्षा असते. नाट्यसमीक्षेच्या इतिहासात मात्र तिचा उल्लेख अपवादानेच सापडतो.

आजच्या डिझायनरच्या रोजच्या उपक्रमांकडे वळले की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. २०१४ साली बार्सिलोना येथून सुरू झालेल्या ‘थर्टीसिक्स डेज ऑफ टाइप’ या उपक्रमात जगभरचे डिझायनर रोज एक अक्षर रेखाटतात: रोमन लिपीची २६ अक्षरे आणि १० अंक. रोज एक छोटे काम, न चुकता, गिऱ्हाइकाविना. कल्पना मोहक आहे. पण या छत्तीसांत ‘ळ’ नाही, जोडाक्षरे नाहीत, रफार नाही. देवनागरीत असे व्रत घ्यायचे तर पन्नासाच्या आसपास वर्ण, त्यांवर बाराखडी आणि पुढे जोडाक्षरांचा न संपणारा मेळा. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून निराळे आहेत, ही गोष्ट मराठीच्या पदव्युत्तर वर्गातही क्वचितच सांगितली जाते. अक्षर रेखाटणाऱ्याला ती पहिल्याच आठवड्यात भिडते. आपण ज्या भाषेचे अभ्यासक म्हणवतो तिच्या शरीराशी त्याची ओळख आपल्यापेक्षा जवळची आहे.

ही ओळख किती दूर पोहोचते याचा दाखला र. कृ. जोशी यांच्या कामात मिळतो. जाहिरात, सुलेखन, दृश्यकविता आणि अध्यापन अशा वाटांनी फिरलेल्या जोशींनी (निधन २००८) घडवलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज प्रणालीबरोबर घरोघरी गेला. संगणकावर मराठी टंकलेखन करणाऱ्या एका संपूर्ण पिढीने आपले अर्ज, कथा आणि प्रबंध त्यांच्या अक्षरांत लिहिले. पुढच्या पिढीतल्या ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक सर्वांसाठी खुले केले. आपण ते रोज वाचतो आणि त्यांच्याकडे पाहत नाही. अर्थात उत्तम टंकाचे यश लक्ष वेधून न घेण्यातच असते. परंतु सामान्य वाचकाचे हे दुर्लक्ष अभ्यासकाला शोभणारे नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. साहित्याचा अभ्यास हा संहितेचा अभ्यास. मुखपृष्ठ बदलले म्हणून कादंबरी बदलत नाही. परंतु संहितेची ही सीमा आपण पूर्वी एकदा, मोठ्या लाभासाठी, ओलांडलेली आहे. जात्यावरची ओवी एके काळी साहित्य मानली जात नव्हती. पहाटेच्या दळणाबरोबर, कष्टाच्या लयीत, स्वतःसाठी आणि शेजारणीसाठी निर्माण होणारे ते रोजचे काम होते. साने गुरुजींनी ओव्या संकलित केल्या; पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. तेव्हा आपण शिकलो की रोजचे श्रम आणि सर्जन या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. जी उदारता आपण जात्याला दाखवली ती रेखाटनाच्या मेजाला का दाखवू नये? ओवीला तर नाव लावणारी कवयित्रीही बहुधा अज्ञात होती. मुखपृष्ठकाराचे नाव ठाऊक असूनही आपण ते गाळतो.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. डिझायनरच्या रविवारचे असे गुणगान करताना आपण त्याच्या फुकट श्रमाचे समर्थन तर करत नाही ना? मराठी प्रकाशनव्यवहारात ‘तुम्ही हौसेने करता’ हे वाक्य मानधन टाळण्यासाठी पुष्कळदा वापरले जाते. हौस हा शब्द आपल्या भाषेत फार गोड आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. रविवारची साप्ताहिक सुटी काही आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी केलेल्या प्रदीर्घ प्रयत्नांनंतर १८९० साली ती मिळाली. कामगाराचा एक दिवस त्याचा स्वतःचा असला पाहिजे, हा त्या लढ्याचा गाभा होता. तो दिवस एखाद्याने स्वेच्छेने रेखाटनाला दिला तर ती निर्मिती. प्रकाशकाने गृहीत धरून घेतला तर ती वेठ. दोन्हींत हात तोच, कागद तोच, पण नीती वेगळी. म्हणून रोजच्या कामाचा गौरव करायचा तर त्याच्या मोबदल्याचा आणि श्रेयाचा प्रश्न त्याच वाक्यात विचारावा लागेल. नाहीतर तो गौरव म्हणजे स्वस्तात मिळालेल्या मालाची स्तुती ठरेल.

आणि श्रेयाचा प्रश्न शेवटी आपल्याच दारात येतो: महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या दारात. आपल्याकडे पुस्तक फाटू लागले की ते बांधणीला जाते. बांधणीत मूळ मुखपृष्ठ बहुधा काढून टाकले जाते, जाड पुठ्ठा आणि रेक्झिन चढते, पाठीवर दाखल क्रमांक पडतो. ग्रंथपालाचा हेतू शुद्ध असतो. पुस्तक आणखी वीस वर्षे टिकते. पण दीनानाथ दलालांनी किंवा पद्मा सहस्रबुद्धे यांनी केलेले एखादे मुखपृष्ठ त्या दिवशी रद्दीत जाते. जे पुस्तक अधिक वाचले जाते तेच आधी फाटते, म्हणजे लोकप्रिय पुस्तकांची मूळ मुखपृष्ठे सर्वांत आधी नाहीशी होतात. दिवाळी अंकांची स्थिती याहून वाईट. दलालांनी १९४५ साली सुरू केलेल्या ‘दीपावली’सारख्या अंकांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला मजकूर कुठे तरी मिळतो, आवरण मात्र नशिबानेच. उद्या कोणाला मराठी पुस्तकाच्या दृश्यरूपाचा इतिहास लिहावासा वाटला तरी त्याची साधने तोवर उरलेली नसतील. हा ऱ्हास कोणी मुद्दाम घडवून आणलेला नाही, तरीही तो रोज चालू आहे.

उपाय मोठे नाहीत आणि त्यांसाठी अनुदानाची वाट पाहण्याचेही कारण नाही. बांधणीला पुस्तक पाठवण्यापूर्वी मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ अलगद काढून आतल्या बाजूस चिकटवता येतात. निदान त्यांचे छायाचित्र घेता येते. दाखल नोंदीत मुखपृष्ठकाराच्या नावासाठी एक रकाना वाढवता येतो. परीक्षण लिहिताना लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत यांच्या जोडीला मुखपृष्ठकाराचे नाव देण्याचा शिरस्ता पाडता येतो. आणि पदव्युत्तर वर्गातल्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थ्याला एखाद्या लेखकाच्या सर्व आवृत्त्यांची मुखपृष्ठे, दुसऱ्याला आपल्या गावातल्या जुन्या दुकानपाट्यांची अक्षरे, तिसऱ्याला एका हंगामातल्या नाटकांच्या जाहिराती अभ्यासायला देता येतील. हे काम शनिवार-रविवारी, आपल्याच गावात, पायी हिंडून होण्यासारखे आहे.

साहित्य आपल्यापर्यंत विदेही अवस्थेत येत नाही. त्याला कागद असतो, शाई असते, अक्षराचे वळण असते, आणि त्यामागे कोणाचा तरी सुटीचा दिवस असतो. त्या दिवसाचा हिशेब मांडणे हेही समीक्षेचे काम आहे.