रांजण, नाणी आणि आमचा फास्टॅग

टोलनाक्यावर गाडी थांबली की आमच्या ग्रुपमधला एकजण हमखास म्हणतो, "अरे, सातवाहनांच्या काळातही टोल होताच की! गप भरायचा." प्रत्येक वेळी सगळे हसतात. मीही हसायचो. पण परवा नाणेघाट चढून आलो आणि वाटलं, हा युक्तिवाद जरा तपासायला हवा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कोकणातलं वैशाखरे आणि वर जुन्नरकडचं घाटघर, या दोहोंना जोडणारी ही सह्याद्रीतली खिंड. सोपारा, कल्याण या बंदरांतला माल इथून वर जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा. दगडात खोदलेल्या पायऱ्या, पाण्याची टाकी, वाटेवर एक प्रशस्त लेणं आणि अगदी माथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात घेऊन ती नाणी यात टाकत, असं परंपरा सांगते. घाटाचं नावही त्यावरूनच पडलं म्हणतात. थोडक्यात, दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका. सुट्ट्या पैशांची कटकट तेव्हाही असणारच :-)

पण खरी गंमत रांजणात नाही, लेण्यात आहे. भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे, सातकर्णीची राणी नागनिका हिच्या काळातला. १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तो जगापुढे आणला, आणि १८८३ मध्ये ब्यूलरने त्याचा अनुवाद छापला. पुढे राजघराण्याच्या मूर्तीही होत्या. आता डोक्यावरची नावं आणि खाली काही पावलं, एवढंच उरलंय.

लेख कशाचा? यज्ञांचा आणि दक्षिणेचा. कुठल्या यज्ञात किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दिले, सगळं आकड्यांसकट. एका ठिकाणी दक्षिणा २४,४०० कार्षापण, आणि प्रेक्षक-सेवकांना ६,००१! भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी काही याच भिंतीवर आहेत. शून्य नाही, त्यामुळे शंभराला वेगळं चिन्ह, हजाराला वेगळं. आमच्यासारख्या दिवसभर आकड्यांत बसणाऱ्यांनी एकदा तरी नमस्कार करून यावं अशी ही जागा.

आता मुद्दा. या लेखात जकातीचा उल्लेखच नाही. म्हणजे हा काही टोलचा हिशेब नव्हे. राणीने आपल्या घराण्याचा मोठेपणा मिरवलाय, आजच्या भाषेत भलाथोरला फ्लेक्स लावलाय म्हणा. आणि पायऱ्या दुरुस्त करायला किती खर्च आला, ही ओळ त्यातही नाहीच! तेवढ्यापुरता आमचा मित्र बरोबर आहे, फार काही बदललेलं नाही.

तरी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. राजसत्तेने, जिला कोणी जाब विचारू शकत नव्हतं, आपला खर्च दगडावर कोरला. तोही कुठे? राजवाड्यात नाही, तर जिथून प्रत्येक व्यापारी, हमाल, बैल जाणार, त्या वाटेवर. आणि आम्ही? २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. पैसे कापल्याचा मेसेज दोन सेकंदांत येतो. पण रस्त्यासाठी किती खर्च झाला, आतापर्यंत किती वसूल झाले, किती उरले, हे वाहनचालकाला सहज दिसेल असा ठळक फलक प्रत्येक नाक्यावर का नसावा? वसुली रिअल टाइम होऊ शकते, तर हिशेबही होऊ शकतो. तंत्रज्ञान तेच आहे हो, इच्छा वेगळी लागते.

मला टोल भरायचा कंटाळा नाही. चांगल्या रस्त्याचे पैसे द्यायलाच हवेत. पण "पूर्वीही होता" हे उत्तर पुरेसं नाही. पूर्वीचं घ्यायचं तर फक्त रांजण का, भिंतही घ्या की!

असो. जाता जाता एक विनंती. परवा त्या रांजणात मला वेफर्सची रिकामी पाकिटं दिसली, आणि लेण्याच्या भिंतीवर कोणा प्रेमवीराची बदामासकट सही. मंडळी, हिशेब मागण्याआधी आपल्याकडून एवढी जकात तरी चुकती होऊ द्या. कचरा परत आणा.