शेवाळाची शेती आणि समुद्राचं निर्माल्य

मंडळी, खाऱ्या पाण्याचा फिशटँक बाळगणाऱ्या माणसाला दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिले विचारतात, "यातले मासे खाता का?" दुसरे विचारतात, "नायट्रेट किती आहे?" आजचा विकांतलेख या दुसऱ्या जमातीसाठी आहे. पहिल्यांनीही वाचायला हरकत नाही. लेखाच्या उत्तरार्धात जो समुद्र येतो तो सगळ्यांचाच आहे.

मुद्दा असा की या छंदात आपण रोज टाकीत काहीतरी घालत असतो आणि बाहेर फारसं काही काढत नसतो. मासे खातात, उरलेलं सडतं, त्यातून अमोनिया होतो. बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि गाडी तिथेच थांबते. फॉस्फेटचं तर त्याहून वाईट. ते उडून जात नाही की विरून जात नाही, टाकीतल्या दगडांतसुद्धा मुरून बसतं. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा सरळसरळ मेमरी लीक आहे. प्रोग्राम पहिले सहा महिने झकास चालतो, मग एके दिवशी काचेवर तपकिरी लव, दगडांवर हिरवे केस आणि प्रवाळं मलूल.

यावर दुकानदाराकडे उत्तर तयार असतं: आणखी एक यंत्र घ्या. मोठा स्किमर घ्या, फॉस्फेट शोषणारी पूड घ्या, अमुक बाटली, तमुक बाटली. यातलं काहीच खोटं नाही, पण माझं मत विचाराल तर आधी शेती करून बघा. शेवाळ तसंही उगवणारच आहे. मग ते आपण ठरवू त्या जागी आणि आपल्याला हवं ते का उगवू नये?

रेफ्युजियम म्हणतात ते हेच. मुख्य टाकीखालच्या कपाटात एक दुसरी टाकी असते, तिला संप म्हणतात (कामगारांचा नव्हे). वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंपाने परत वर चढतं. त्या संपातला एक कप्पा वेगळा काढायचा, वर दिवा लावायचा आणि आत समुद्री शेवाळ सोडायचं. मासे तिथे पोचत नाहीत, त्यामुळे शेवाळाला अभय मिळतं आणि त्याच्या आडोशाने कोळंबीच्या दूरच्या नात्यातले बारीक जीवही वाढतात. थोडक्यात, शरणार्थी छावणी. शेवाळाकडून पाणी साफ करून घ्यायची कल्पना काही जालावरच्या हौशी मंडळींनी काढलेली नाही. स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांनी १९८०च्या दशकात प्रवाळांच्या टाक्या शेवाळाच्या गालिच्यावर चालवून दाखवल्या होत्या.

माझ्याकडे आहे ते कीटोमॉर्फा, लाडाने 'चेटो'. दिसायला हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याचा गुंता, किंवा भांडी घासायचा काथ्या म्हणा. त्याला मुळं नाहीत, पानं नाहीत, मातीचीही गरज नाही. उजेड द्या, पाणी खेळतं ठेवा, गोळा हळूहळू फिरत राहील असं बघा, की झालं. दिवा रात्री लावायचा. वरची टाकी अंधारात गेली की सगळी प्रजा नुसता श्वास घेत कार्बन डायऑक्साइड सोडत असते आणि पाण्याचा पीएच उतरतो. त्या वेळी खाली दिवस असला तर शेवाळ तो कार्बन डायऑक्साइड वापरून टाकतं. एकाच घरात दिवसपाळी आणि रात्रपाळी. इथून भारतातल्या टीमबरोबर कॉल करणाऱ्याला हे जास्त समजावून सांगायला नको.

आता खरी गोची. नव्वद टक्के लोक (हा आकडा माझा, निव्वळ वैतागातून आलेला) शेवाळ लावतात आणि विसरतात. चार महिन्यांनी म्हणतात, काही उपयोग नाही बुवा. अरे पण तू कापणी केलीस का? शेवाळाने नायट्रेट आणि फॉस्फेट खाल्लं म्हणजे ते अंगात साठवलं, नाहीसं केलं नाही. गोळा दाट झाला की आतल्या भागाला उजेड मिळत नाही, तो कुजतो, आणि सहा आठवडे जमवलेलं सगळं परत पाण्यात. रेफ्युजियममधलं सर्वात महत्त्वाचं उपकरण म्हणजे कात्री. मी दर दुसऱ्या शनिवारी अर्धा गोळा काढतो. कपाटात शेवाळ असण्याने टाकी साफ होत नाही, ते घराबाहेर गेल्याने होते.

अजून एक तक्रार नेहमी ऐकू येते: "नायट्रेट शून्यावर आलं, पण फॉस्फेट हलत नाही, म्हणजे शेवाळ कुचकामी." याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. समुद्रतळाशी वाढणाऱ्या वनस्पतींमधलं कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ या दोघांनी १९८३ मध्ये मांडलं. ते साधारण ५५० : ३० : १ असं आहे, आणि ते अणूंचं आहे. पाण्याच्या चाचणीतल्या मिलिग्रॅममध्ये बदललं तर एक मिलिग्रॅम फॉस्फेटमागे जवळपास वीस मिलिग्रॅम नायट्रेट लागतं. नायट्रेट संपलं की शेवाळाचं ताट अर्धं रिकामं, वाढ बंद. वरणाशिवाय नुसता भात किती खाणार? अशा वेळी शेवाळाला शिव्या घालण्यापेक्षा माशांना दोन घास जास्त घालावेत. ऐकायला उलटं वाटतं खरं, पण हिशेब तसाच आहे.

इथवर सगळं गोड आहे. माझा खरा आग्रह पुढे आहे.

चेटो वाढत नाही म्हणून वैतागलेल्या माणसाला कोणीतरी हमखास सांगतं, "कोलर्पा लाव, दगडावरसुद्धा वाढतं." वाढतं हे खरं आहे. कोलर्पा हा प्रकार अचाटच आहे. हातभर लांबीची वेल, तिला पानांसारखं काही, मुळांसारखं काही, आणि हे सगळं मिळून एकच पेशी! आत केंद्रकं असंख्य, पण मध्ये भिंत नाही. कधीकधी ती सगळी वेल एका रात्रीत आपल्यातला सगळा ऐवज बीजपेशी म्हणून पाण्यात सोडून देते. सकाळी टाकी दुधासारखी पांढरी आणि वेलीचं नुसतं पारदर्शक टरफल. जे शोषलं होतं ते व्याजासकट परत. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी ते ठेवलं नसतं.

पण मोठं कारण मी राहतो तिथून गाडीने पाऊण तासावर आहे. सॅन डिएगोच्या उत्तरेला कार्ल्सबाडमध्ये आग्वा हेदिओन्दा नावाची खाडी आहे (स्पॅनिशमध्ये अर्थ 'घाण वासाचं पाणी', प्रत्यक्षात चांगली आहे बिचारी). २००० च्या जूनमध्ये तिथे समुद्री गवताची पाहणी करणाऱ्या पाणबुड्यांना कोलर्पा टॅक्सिफोलिया सापडलं. त्याच्या कुळाचा इतिहास आधीच बदनाम होता. टाक्यांमध्ये वाढवलेला, थंडी सोसणारा त्याचा एक वाण १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसला, तेव्हा तो जेमतेम चौरस मीटरभर होता. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत भूमध्य समुद्रात तो हजारो हेक्टरवर पसरला, तेही तुकड्यातुकड्यांनी. नांगराला अडकलेला बोटभर तुकडा नव्या वेलीला पुरतो. कार्ल्सबाडमधलं शेवाळ जनुकीय तपासणीत त्याच वाणाचं निघालं.

मग काय केलं? खाडीच्या तळावर ताडपत्र्या अंथरल्या, कडा दाबल्या आणि आत क्लोरीन सोडलं. सहा वर्षं पाणबुडे तळ चाचपत राहिले. २००६ मध्ये खाडी मोकळी झाल्याचं जाहीर झालं. खर्च सत्तर लाख डॉलरच्या वर. कोणाच्या तरी टाकीतला, बहुधा ओंजळभर कचरा! कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये कोलर्पाच्या नऊ जाती विकायला आणि बाळगायलाही बंदी केली. २०२१ मध्ये न्यूपोर्टच्या उपसागरात दुसरीच जात सापडली, आणि २०२३ मध्ये बंदी अख्ख्या कोलर्पावर गेली.

भूमध्य समुद्रातलं हे शेवाळ पुढे बऱ्याच ठिकाणी आपोआप ओसरलं, मग एवढा बाऊ कशाला, असं म्हणणारे आहेत. ओसरलं, मान्य. पण ते ओसरेल हे १९८४ मध्ये कोणाला ठाऊक होतं? आणि आपल्या खाडीतलं ओसरेल याची हमी कोण देणार? घरचं उदाहरणही आहे. मन्नारच्या आखातात लागवडीसाठी आणलेलं कप्पाफायकस हे परदेशी शेवाळ तिथल्या प्रवाळांवर चढल्याचं 'करंट सायन्स'मध्ये २००८ सालीच छापून आलं. हौशी टाकीतलं नव्हे, रीतसर शेतीतलं. तरीही निसटलंच.

आता आपल्या लोकांशी थोडं खाजगीत. समुद्रात कचरा टाकणारा माणूस वाईटच असतो असं नाही. उलट आपल्याकडे तर तो भाविक असतो. हिरवं, ओलं, जिवंत काही कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात धजत नाही. लहानपणापासून निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडलेलं पाहिलेलं असतं. माझा एक मित्र मला प्रामाणिकपणे म्हणाला, "समुद्रातून आलं, समुद्राला दिलं, बिघडलं कुठे?" भावना चांगली, भूगोल चुकीचा. ज्या समुद्रातून आलं तो हा समुद्र नव्हे. आता गावोगावी घाटावर निर्माल्य कलश ठेवतात, त्यात फुलं टाकताना आपली श्रद्धा कमी होत नाही. मग इथेच काय अडतं?

दुसरं, आपल्या वयाच्या लोकांच्या टाकीचं आयुष्य म्हणजे नोकरीचं आयुष्य. नवी ऑफर येते, व्हिसा संपतो, मूल होतं, भाड्याचं घर सोडायचं असतं. शेवटच्या आठवड्यात सोफा विकला जातो, टाकी राहते. मग कोणी मासे 'मोकळे' करतं, कोणी पाणी अंगणातून रस्त्याकडेच्या गटारात ओततं. इथली पावसाच्या पाण्याची गटारं सांडपाण्याच्या प्रक्रिया केंद्रात जात नाहीत, थेट समुद्रात उघडतात. "मी तर समुद्रापासून वीस मैलांवर राहतो" याला म्हणूनच काही अर्थ नाही.

पद्धत काही अवघड नाही. कापलेलं शेवाळ पिशवीत बांधून निदान चोवीस तास फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि मग कचऱ्याच्या डब्यात. चेटोसुद्धा, कारण त्या गुंत्यात कोणते किडे आणि कोणाचे तुकडे बसलेत हे डोळ्यांना दिसत नाही. आमच्या फ्रीजरमध्ये ही पिशवी खवलेल्या नारळाच्या शेजारी असते. घरातून यावर जो आक्षेप आला त्याचा मान राखून आता तिच्यावर लाल मार्करने मोठ्ठी फुली आहे.

बाकी चेटो हवं असेल तर माझ्याकडे दर दुसऱ्या शनिवारी फुकट मिळतं. डबा आपला आणायचा. मी फक्त एक प्रश्न विचारतो: घर सोडताना याचं काय करणार? दोघांनी "सोडून देऊ कुठेतरी" असं उत्तर दिलं. त्यांना चहा पाजला आणि डबा रिकामाच परत पाठवला.