नांव कीं नुसता आंकडा ?

विद्यार्थ्यास नांवानें ओळखूं नये, वर्षाच्या आंकड्यानें ओळखावें, असा नवा शिष्टाचार अमेरिकेंतील विद्यापीठांत रूढ होऊं पाहत आहे. येल विद्यापीठानें २०१७ सालीं 'फ्रेशमन' हा शब्द आपल्या औपचारिक लेखनांतून काढला. पेन स्टेट विद्यापीठाच्या अध्यापकसभेनें २०२१ सालीं 'सोफोमोर', 'ज्युनिअर', 'सीनिअर' यांनाहि निरोप देण्याचा ठराव केला.

मूळ आक्षेप खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. 'फ्रेशमन' यांतील 'मन' म्हणजे पुरुष. आणि येल कॉलेजांत मुलींस प्रवेश मिळाला तो १९६९ सालीं! तो शब्द त्यांस खटकावा यांत नवल नाहीं. पण उपाय म्हणजे दुखणें रेड्यास आणि डाग पखालीस ! बिचाऱ्या 'सोफोमोर'नें कोणाचें काय केलें होतें ? सतराव्या शतकांत केंब्रिजला चालणाऱ्या 'सोफ्यूमर'चा तो वंशज. वादसभेंतील युक्तिवादावरून हें नांव पडलें. पुढें लोकांनीं त्यांत 'शहाणा' आणि 'मूर्ख' असे दोन ग्रीक शब्द शोधून काढले. ही व्युत्पत्ति खरी नव्हे. परंतु दुसऱ्या वर्षाचा वर्ग शिकविलेला अध्यापक ती सहसा नाकारणार नाहीं.

त्याच कुळांतला 'सोफिस्टर'. जुन्या केंब्रिजांत पदवीपूर्वी विद्यार्थ्यास भर सभेंत लॅटिनमध्यें आपला पक्ष मांडावा व प्रतिपक्षाचें खंडन करावें लागे. आपल्याकडील शास्त्रार्थच म्हणा ना. आपणांकडून कोणती अपेक्षा आहे, हें त्यास नांवांतूनच कळे. 'तिसरें वर्ष' या शब्दांतून काय कळतें ? तीनदां फी भरली, एवढेंच.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजानें हा गुंता सहज सोडविला. तेथें आजहि 'ज्युनिअर फ्रेश', 'सीनिअर फ्रेश', 'ज्युनिअर सोफिस्टर', 'सीनिअर सोफिस्टर' अशीं चार वर्षें चालतात. 'मन' गेला, नांव राहिलें.

आणि आपण ? मुंबई विद्यापीठाचीं 'प्रीव्हियस', 'इंटर', 'ज्युनिअर बी. ए.' हीं नांवें फार थोर नव्हतीं, हें कबूल. त्यांच्या जागीं घरोघर ऐकूं येतात तीं 'एफ. वाय.', 'एस. वाय.', 'टी. वाय.' हीं अक्षरें. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यास व विद्यार्थिनीस 'वादी' म्हणावें, अशी आमची सूचना आहे. मात्र मग पदवीपूर्वी प्रत्येकास चारचौघांपुढें उभें करून एक तरी पक्ष स्वतःच्या बुद्धीनें मांडावयास लावावें लागेल. त्यास आमचीं कॉलेजें तयार आहेत काय?