ऊब वजनात नसते

दिवाळी सरली की हल्ली आपल्या वस्त्यांतील मुलामुलींच्या तोंडीही ट्रेकची भाषा येऊ लागते. कळसूबाई, हरिश्चंद्रगड पाहून झाले की कुणी कॉलेजच्या ग्रुपबरोबर, कुणी कामावरच्या मित्रांबरोबर बर्फ पाहायला उत्तराखंडात केदारकांठ्याला निघते. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ट्रेकचे पैसे भरून झाले की घरात दुसरा प्रश्न उभा राहतो, तो कपड्यांचा. काळजीपोटी आईवडील उधारी करून जाडजूड जाकीट आणतात, नाहीतर खर्च झेपणार नाही म्हणून जाणेच रद्द होते. आमचे सांगणे असे, की या दोन्हींची गरज नाही.

प्रथम थंडीचा हिशेब मांडू. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर १६४६ मीटरचे. केदारकांठ्याची वाट जेथून सुरू होते ते सांकरी गावच सुमारे १९०० मीटरवर आणि शिखर सुमारे ३८०० मीटरवर आहे. दर हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे गावापेक्षा शिखरावर सुमारे बारा अंश अधिक थंडी, आणि वर वारा वेगळाच. डिसेंबर-जानेवारीत तेथील तंबूत रात्री पारा शून्याखाली जातो.

आता उबेचा जमाखर्च पाहा. कपडा स्वतः ऊब देत नाही. ऊब आपल्या शरीराची असते. कपड्यात अडकलेली स्थिर हवा ती बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे बरे, कारण त्यांच्यामध्येही हवा अडकते आणि गरजेप्रमाणे एकेक काढता-घालता येतो. ही युक्ती जुनीच आहे. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेल्या जॉर्ज मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशमी व लोकरी कपड्यांचे पातळ थर आणि वर गॅबर्डिनचे जाकीट होते.

पहिला थर अंगालगतचा. येथे सुती बनियन नको, हे पक्के ध्यानात ठेवावे. चढताना घाम येतो, सूत तो धरून ठेवते आणि थांबताच अंग गारठते. कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेते. क्रिकेट-फुटबॉलची पॉलिएस्टरची जर्सी घरात असेल तर तीच चालेल. ती लवकर वाळते.

दुसरा थर उबेचा. फ्लीसचे जाकीट वजनाला हलके व ओलसर झाले तरी ऊब देणारे असते. नसेल तर लोकरीचा स्वेटर. ज्या शहरांत हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात, तेथे दोन्ही पाहावेत. मुक्कामासाठी वरून एक फुगीर जाकीट लागते. पिसांचे जाकीट सर्वांत हलके, पण भिजले की निकामी. कृत्रिम भरणाचे थोडे जड, पण ओल सोसणारे. हे जाकीट विकत घेऊच नये. ट्रेक नेणाऱ्या अनेक संस्था ते भाड्याने देतात.

तिसरा थर वारा-पाऊस अडवणारा. आतील कपड्यांवर सैल बसेल असे टोपीचे पावसाळी जाकीट पुरते. खाली जीन्स कदापि नको. ती भिजली की वाळत नाही. ट्रॅकपँट व आत थर्मल घालावी. कानटोपी, हातमोजे आणि लोकरी मोजांचे दोन जोड घ्यावेत. रात्री झोपण्याचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे ठेवावेत, ते चालताना कधीही वापरू नयेत.

वापरण्याचा नियम सोपा आहे. चढ सुरू होण्यापूर्वी एक थर उतरवावा. थांबल्यावर थंडी वाजण्याची वाट न पाहता तो लगेच चढवावा.

बरोबरचा कुणी सतत कुडकुडत असेल, अडखळत बोलत असेल, पाय लटपटत असतील, तर त्याला ‘चल, होईल बरे’ म्हणू नये. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की जिवाला धोका असतो. त्याला ताबडतोब आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, स्लीपिंग बॅगमध्ये झोपवावे, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्यावा आणि ट्रेकच्या प्रमुखाला कळवावे. कुडकुडणे आपोआप थांबून तो सुस्तावला, तर प्रकृती अधिक बिघडली असे समजावे. ‘गरमी येते’ म्हणून दारू तर मुळीच देऊ नये. तिने कातडीकडे रक्त धावते, ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते.

बंधू-भगिनींनो, एका घराला हे सारे एकदम जमणार नाही. परंतु वस्तीतील मंडळाने किंवा अभ्यासिकेने दोन फ्लीस, दोन पावसाळी जाकिटे व काही हातमोजे सामाईक ठेवले, परत आल्यावर धुऊन वहीत नोंद करून जमा केले, तर एका खर्चात कितीतरी मुले डोंगर पाहून येतील. पैशांअभावी मुलीने घरी राहू नये आणि माहितीअभावी कुणाचा मुलगा बर्फात गारठू नये. यंदाच्या थंडीपूर्वी एवढे जरूर करावे.