निवडणूक जिंकावी ती मतदार यादीवर!

अहिल्यानगर जिल्ह्यात निवडणुकीची चाहूल लागली की पहिला प्रश्न विचारला जातो तो उमेदवाराच्या विचारांचा नव्हे, त्याच्या 'ताकदी'चा. कारखाना कोणाच्या ताब्यात, दूध संघ कोणाचा, बँकेवर कोणाचे संचालक, शाळा-महाविद्यालये किती, सोयरीक कुठे, याची उत्तरे मिळाली की निकालाचे अंदाज बांधायला सुरुवात होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरा परिसरात सहकारी साखर कारखाना उभारला, तो शेतकऱ्याला सावकारी पाशातून सोडविण्यासाठी. पुढे त्याच सहकाराच्या आधाराने राजकीय संस्थाने उभी राहिली, हा इतिहासाचा उपरोध म्हणावा लागेल. ज्याच्यामागे असे संस्थान नाही, त्या कार्यकर्त्याने निवडणूक लढवावी की नाही? लढवावी तर कशी?

लढवावी, हे उत्तर याच जिल्ह्याने दिले आहे. नगरपालिकेच्या राजकारणातून पुढे आलेले दिलीप गांधी साखर कारखाना पाठीशी नसताना १९९९, २००९ आणि २०१४ अशा तीन वेळा लोकसभेवर निवडून गेले. २००९ मध्ये राजीव राजळे यांच्या अपक्ष उमेदवारीने विरोधी मते फुटली, हे खरेच. परंतु फुटीचा लाभही त्यालाच होतो, ज्याची स्वतःची मते घट्ट बांधलेली असतात. ही बांधणी सभेच्या गर्दीतून होत नाही. ती होते मतदान केंद्रावर, आणि तीही निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी.

कर्जत-जामखेडचे उदाहरण प्रत्येक कार्यकर्त्याने समोर ठेवावे. २०१९ मध्ये राम शिंदे यांचा तेथे ४३ हजारांहून अधिक मतांनी पराभव झाला. त्यांनी मतदारसंघ सोडला नाही. २०२४ मध्ये तेच अंतर १,२४३ मतांवर आले. पराभव झालाच, पण तो कसा, हे पाहण्यासारखे आहे. विधानसभा मतदारसंघात सुमारे साडेतीनशे मतदान केंद्रे धरली, तर ही तफावत केंद्रामागे जेमतेम साडेतीन मतांची होते. एखादे स्थलांतरित कुटुंब, यादीतून गळालेली एक सून, केंद्रापर्यंत नेण्यास कोणी नसलेले एक वृद्ध जोडपे, एवढ्यावर आमदारकी ठरली! शेवटच्या आठवड्यातील मोठ्या सभेने जे साधत नाही, ते यादी हातात घेऊन फिरणारे दोन कार्यकर्ते साधू शकतात.

म्हणून पहिले काम मतदार यादीचे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांची नावे नमुना ६ भरून घालावीत, पत्ता बदललेल्यांसाठी आणि दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा, मृतांची नावे कमी करून घ्यावीत. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याशी वर्षभर परिचय असावा; निवडणूक आल्यावर झालेली ओळख उपयोगी पडत नाही. यादी वाचताना हा जिल्हा ओळखावा लागतो. उत्तरेत पाटपाणी आहे, दक्षिणेत दुष्काळ. पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन घराबाहेर पडतात. २०२४ चे विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, नेमके त्याच दिवसांत झाले. पारनेरची कितीतरी घरे मुंबईत पोट भरतात. अकोल्यात डोंगरातील पाडे आहेत, तर अन्यत्र गावापेक्षा वस्त्यांवरच लोक अधिक. कोण गावात आहे, कोण फडावर आहे, कोणाला निरोप धाडायचा, हे लिहून ठेवलेले नसेल, तर 'घरोघरी संपर्क' हा शब्द केवळ अहवालापुरता उरतो.

दुसरी गोष्ट वाणीची. या बाबतीत नगरचे नाव देशाच्या न्यायिक इतिहासात नोंदले गेले आहे. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत यशवंतराव गडाख विजयी झाले आणि अपक्ष लढलेले बाळासाहेब विखे पाटील पराभूत झाले. विखे न्यायालयात गेले. प्रतिस्पर्ध्याच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी प्रचारात केलेली खोटी विधाने हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) खालील भ्रष्टाचार ठरला, उच्च न्यायालयाने गडाखांची निवड रद्द केली आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली. शरद पवार यांच्यावरील ठपका मात्र सर्वोच्च न्यायालयाने दूर केला. मतपेटीतून मिळालेला विजय भाषणांनी घालविला!

हा धडा केवळ काँग्रेससाठी आहे असे मानून चालणार नाही. २०२४ च्या लोकसभा प्रचारात सुजय विखे यांनी निलेश लंके यांच्या इंग्रजीवरून त्यांना डिवचले. ग्रामीण मतदाराला तो टोमणा स्वतःलाच लागला असल्यास नवल नाही. सुमारे २९ हजार मतांनी निवडून आल्यावर लंके यांनी खासदारकीची शपथ इंग्रजीतूनच घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगमनेर तालुक्यातील धांदरफळच्या सभेत एका वक्त्याने बाळासाहेब थोरात यांच्या कन्येविषयी अश्लाघ्य उद्गार काढले. पुढे थोरात दहा हजारांवर मतांनी पराभूत झाले, म्हणून ते उद्गार क्षम्य ठरत नाहीत. स्त्रीच्या सन्मानाची भाषा बोलणाऱ्यांच्या व्यासपीठावर असे घडावे, ही लाजिरवाणी गोष्ट होय. वक्ता कोण, किती वेळ आणि कोणत्या विषयावर बोलणार, हे आधी ठरलेले असावे. आणि कोणी मर्यादा ओलांडली, तर त्याला तेथेच थांबविण्याचे धैर्य व्यासपीठावरील ज्येष्ठाने दाखवावे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. महाराष्ट्रात लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये ही उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा २०२२ पासून आहे. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा खर्च रोजच्या रोज लिहावा लागतो, त्यासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करावा लागतो. त्यात कसूर झाल्यास तीन वर्षांची अपात्रता ओढवू शकते. प्रत्येक पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव हवे. हे काम उत्साही तरुणाकडे न देता सचोटीच्या, कायदा जाणणाऱ्या प्रौढ कार्यकर्त्याकडे सोपवावे. मतदानाच्या दिवशीही हाच काटेकोरपणा हवा. मतदान प्रतिनिधीने सकाळच्या अभिरूप मतदानाला हजर राहावे आणि सायंकाळी नमुना १७ सी ची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये.

येथे नेतृत्वालाही एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. 'निवडून येण्याची क्षमता' या निकषावर आयते संस्थानिक पक्षात आणायचे आणि यादी घेऊन उन्हातान्हात फिरणाऱ्याने केवळ सतरंज्या उचलायच्या, हे किती काळ चालणार? आलेल्यांचे स्वागत जरूर व्हावे. परंतु ते आपल्याबरोबर स्वतःची यंत्रणा आणतात आणि जाताना ती घेऊनही जातात. केंद्रावर उरतो तो कार्यकर्ताच. त्याच्या वाट्याला कधीच उमेदवारी येणार नसेल, तर यादी वाचण्याची चिकाटी तो कोणाच्या भरवशावर टिकवील?

चौंडीच्या ज्या लोकमातेचे नाव आज हा जिल्हा धारण करतो, त्या अहिल्यादेवींनी राज्य चालविले ते चोख हिशेबाने आणि प्रजेच्या प्रत्यक्ष विचारपुशीने. त्यांच्या जिल्ह्यात मत मागणाऱ्याने ही दोन व्रते प्रचाराच्या पहिल्या दिवसापासूनच अंगीकारावीत.